पोटात गरम किमो: यंत्रावर इतकी मेहनत घ्यावी का?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत पंपांवर काम करतो. सध्या टेबलावर हायपेकचं यंत्र आहे. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अंडाशयाचा, अपेंडिक्सचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर कधीकधी पोटाच्या अस्तरावर साबुदाणा सांडल्यासारखा पसरतो. सर्जन आठ-आठ, दहा-दहा तास उभं राहून दिसेल ती गाठ काढतात. मग किमोचं औषध ४० ते ४३ अंशांना तापवून अर्धा ते दीड तास पोटातच फिरवतात. ते फिरवण्याचं काम या यंत्राचं. अमेरिकेत लुईव्हिलला स्प्रॅट आणि सहकाऱ्यांनी अशा यंत्रणेचा रुग्णावरचा पहिला अनुभव १९८० साली छापला, म्हणजे कल्पना काही कालची नाही.

उघडून पाहिलं तर आत एक रोलर पंप, एक हीट एक्स्चेंजर, द्रव साठवायची टाकी, नळ्या आणि तापमानाचे सेन्सर. आता गणित करा. मिनिटाला एक लिटर द्रव ४३.५ अंशांना आत जातोय आणि ४१.५ ला बाहेर येतोय, म्हणजे पोट खातंय जेमतेम १४० वॅट. सुरुवातीला चार लिटर द्रव २० वरून ४३ अंशांवर दहा मिनिटांत न्यायचा तर साधारण साडेसहाशे वॅट. आंघोळीच्या बादलीत सोडतो ती रॉड याच्या दुप्पट खाते! तरी परदेशी यंत्र आणि दर रुग्णाला लागणारा नळ्यांचा नवा संच यांचा हिशेब मांडला की लहान इस्पितळं हात वर करतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हे यंत्र इथे आणि स्वस्तात बनायला हवं. विरोध असेल तर मुद्द्यासकट लिहा.

कात्रीवाले काका

मुद्द्यासकटच लिहितो, राग मानू नका. मी ही ऑपरेशनं करतो.

यंत्र कितीला पडतं हा नंतरचा प्रश्न. त्याचा उपयोग किती, हे आधी बघा. फ्रान्समध्ये प्रॉडिज ७ नावाची चाचणी झाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे २६५ रुग्ण घेतले, सगळ्यांच्या गाठी काढल्या आणि चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडून एकाच गटाला ४३ अंशांना ऑक्सॅलिप्लॅटिन हे किमोचं औषध दिलं. मध्यक आयुर्मान हायपेकसह ४१.७ महिने, हायपेकविना ४१.२. पंधरा दिवसांचा फरक, तोही संख्याशास्त्राच्या चाळणीत न टिकणारा. पहिल्या ६० दिवसांतले गंभीर त्रास मात्र २६ टक्के विरुद्ध १५ टक्के.

२००३ च्या डच चाचणीचे २२.३ विरुद्ध १२.६ महिने हे आकडे सगळे मिरवतात. पण तिथे एका बाजूला ऑपरेशन अधिक हायपेक होतं आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः नुसती जुनी किमो. श्रेय कात्रीचं की गरम पाण्याचं, ते कसं ठरवणार?

औषध दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल झिरपत नाही. गाठ मागे राहिली असेल तर तुमचं यंत्र सोन्याचं असलं तरी व्यर्थ. पैसे असतील तर चार तरुण सर्जन तयार करा.

गिअरबॉक्स

काका, प्रॉडिजमध्ये औषध फक्त ३० मिनिटं होतं, हेही सांगा की. आणि २०१८ च्या डच चाचणीचं काय? तिसऱ्या टप्प्यातला अंडाशयाचा कॅन्सर, २४५ रुग्ण. दोन्ही गटांत ऑपरेशन सारखंच, फरक फक्त हायपेकचा. सिस्प्लॅटिन हे औषध, ९० मिनिटं. ४५.७ विरुद्ध ३३.९ महिने. जवळजवळ वर्ष आहे ते.

कात्रीवाले काका

मी वाट बघत होतो तुम्ही हीच चाचणी कधी काढता त्याची. त्या चाचणीत पोटातलं तापमान ४० अंश ठेवलं होतं. म्हणजे जमलेला प्रयोग ४० वर आणि फसलेला ४३ वर. शिवाय तेच औषध, तितकाच वेळ, पण न तापवता दिलंय असा तिसरा गट नव्हताच. मग उष्णतेने काय केलं हे तुम्ही सांगा.

थंड डोक्याने

तापवायची भानगडच कशाला? जर्मनीत सर्जन रेमंड यांनी २०११ मध्ये पायपॅक सुरू केलं. दुर्बिणीच्या छिद्रातून औषधाचा फवारा, पाऱ्याच्या १२ मिलिमीटर दाबाखाली, शरीराच्याच तापमानाला. अर्धा तास, आणि पुन्हा पुन्हा करता येतं.

कात्रीवाले काका

ते बहुतेक ज्यांच्या गाठी काढताच येत नाहीत त्यांच्यासाठी. वेगळा रुग्ण, वेगळा धागा.

भूलचूक माफ

मी भूल देते, त्यामुळे पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूने लिहिते. १४० वॅट 'जेमतेम' वाटतात ना? ते वॅट माझ्या रुग्णाच्या रक्तात जातात. आम्ही आधीच गरम हवेचं पांघरूण बंद करतो, सलाइन थंड ठेवतो, मानेशी बर्फाच्या पिशव्या तयार असतात. अन्ननलिकेतला आकडा ३९ कडे सरकायला लागला की माझी नजर तिथून हलत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन डेक्स्ट्रोजमध्ये दिलं तर रक्तातली साखर चढते आणि सोडियम उतरतं, ते वेगळंच.

एकदा मध्येच परतीची नळी बंद पडली. आतड्याचा वेढा भोकांवर चिकटला होता. द्रव आत जातोय, बाहेर येत नाही, पोट फुगतंय, माझ्याकडे श्वासाचा दाब वाढतोय आणि यंत्राच्या पडद्यावर सगळं हिरवं! स्वस्त बनवा, पण आधी हे ओळखणारं बनवा.

सांगलीचा पर्फ्युजनिस्ट

+१. स्वतंत्र यंत्र नव्हतं तेव्हा आम्ही हृदयाच्या बायपास ऑपरेशनच्या सामानावर हे चालवलंय. चालतं, नाही असं नाही. पण पंपाला काय, समोर हृदय आहे की पोट? गळती झाली तर फरशीवर रक्त नसतं, किमो असते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जास्त जोखमीच्या उपकरणांना परवाना सक्तीचा झालाय, तो याच जुगाडांमुळे हवा होता.

आईची लेक

माझ्या आईचं हे ऑपरेशन झालंय. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. आम्हाला समजावताना पाऊण तास यंत्रावर बोलले. रंगीत पत्रक दिलं, त्यावरही यंत्राचाच फोटो. गाठी किती निघतील, कॅन्सर पोटात किती पसरलाय याचे ३९ पैकी किती गुण भरले, यावर दोन वाक्यं. बिलात 'हायपेक किट' अशी वेगळी ओळ. काकांचा मुद्दा मला तेव्हा कुणी सांगितला असता तर मी प्रश्न तरी बरे विचारले असते. आई बरी आहे. यंत्रामुळे की सर्जनमुळे, मला खरंच ठाऊक नाही.

गिअरबॉक्स

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

रॉडची उपमा मागे घेतो. वॅट मुबलक आहेत, वाटप अवघड आहे. काचेच्या टाकीत रबरी आतडी ठेवून बघितलं. आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी ४३, आणि यकृतामागच्या खोबणीत ३९ च्या खाली. उघड्या पद्धतीत सर्जन पोटाच्या कडा वर ताणून कढईसारखं करतात आणि हाताने ढवळत राहतात, ते का ते तेव्हा कळलं.

पण काका, तुमचं ४० आणि ४३ चं कोडं याच्यामुळेच सुटत नाही. औषध मिलिग्रॅममध्ये मोजून देतो, आणि उष्णतेचं बहुतेक ठिकाणी आत किती, बाहेर किती, एवढंच लिहितो. खोबणीत काय होतं ते कुठे लिहिलंय? मला आता सात ठिकाणी सेन्सर असलेलं, दर पाच सेकंदांना नोंद ठेवणारं यंत्र करायचंय. परतीच्या नळीवर दाबाचा सेन्सर, तो भूलचूक ताईंचा.

कात्रीवाले काका

त्याने यंत्र स्वस्त होणार नाही, महागच होईल. उपयोग किती, हे माझं मत तिथेच आहे. पण नोंदी उघड ठेवणार असाल, तुमच्या कंपनीच्या कपाटात नाही, तर टाकी बघायला मी येतो.

मॉप मोजणारी

मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. पोट शिवायच्या आधी आम्ही मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि सुया मोजतो. आता तुमचे सात सेन्सरही मोजायचे. वायरीला कोणताही रंग द्या, फक्त लाल आणि पिवळा नको. रक्तात आणि चरबीत दिसत नाहीत.