मदत हवी आहे: 'क्वीन मेरी २'च्या मॉडेलला सुकाणूच सापडत नाहीये

सुटेभाग:
नमस्कार मंडळी. 'क्वीन मेरी २' या जहाजाचं १:४०० मापाचं प्लॅस्टिक मॉडेल एकाकडून जुन्यात घेतलंय. भाग बहुतेक सगळे आहेत, पण सूचनापुस्तिकेची निम्मी पानं गायब. भाचीला ते शाळेच्या प्रदर्शनात मांडायचंय, आणि तिची अट अशी की जानेवारी २००४ मध्ये पहिल्या सफरीला निघताना जहाज जसं होतं तसंच दिसायला हवं.

अडलंय ते असं. पिछाडीला सुकाणू लावायला जागाच नाही, तो भाग हरवलाय का? चार प्रोपेलर आहेत, पण त्यांची तोंडं कुठल्या दिशेला करायची? शिवाय एका पिशवीत आठ वाकड्या पाकळ्या निघाल्या, त्या कुठे बसतात देव जाणे. लाइफबोटींचे खाचे इतर क्रूझ जहाजांच्या फोटोंपेक्षा बरेच वर दिसतात आणि धुराडं एवढ्या मोठ्या जहाजाला बुटकं वाटतं. साच्यातच गडबड असेल का? पाटीवर तारखा लिहायच्यात, पण जलावतरणाची तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी मिळते. जाणकारांनी मदत करावी.

जुनाखलाशी:
सुकाणू शोधू नका, या जहाजाला ते नाहीच. तळाशी चार पॉड, म्हणजे प्रोपेलर बसवलेले बंद डबे, लटकवलेत आणि प्रत्येकाच्या पोटात साडेएकवीस मेगावॅटची विजेची मोटर आहे. पुढचे दोन पॉड पक्के, मागचे दोन गोल फिरतात. जहाज वळतं ते या मागच्या दोघांच्या जोरावर. प्रोपेलर पॉडच्या पुढच्या अंगाला, म्हणजे नाळेकडे तोंड करून बसवा. ते पाणी मागे ढकलत जहाजाला पुढे ओढतात. नव्वद टक्के लोक इथे उलटं चिकटवतात आणि मग डिंक सोडवत बसतात.

त्या आठ पाकळ्या म्हणजे प्रोपेलरची सुटी पाती. खऱ्या जहाजावर ती नाळेकडच्या उघड्या डेकवर ठेवलेली असतात. लांबून बघणाऱ्याला शिल्पच वाटावं. पाती हबला, म्हणजे मधल्या गोळ्याला, बोल्टने जोडलेली असतात, त्यामुळे एखादं खराब झालं तर तेवढंच बदलता येतं.

पॉडवरून आठवलं. जानेवारी २००६ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघताना एक पॉड खाडीच्या कडेला घासून बिघडला. उरलेल्या तिघांवर वेग कमी झाला, वाटेतली कॅरिबियन बंदरं गाळावी लागली आणि प्रवासी इतके खवळले की रिओला पोचल्यावर जहाजातून उतरायचंच नाही अशी धमकी त्यांनी दिली. शेवटी क्युनार्डला, म्हणजे जहाजाच्या कंपनीला, पैसे परत द्यावे लागले.

अटलांटिकवारी:
साचा बरोबर आहे, शंका नसावी. आपल्या डोळ्यांना सवय असते ती ऊन बघून हिंडणाऱ्या तरंगत्या हॉटेलांची. हे जहाज हिवाळ्यातही साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क धावायचं म्हणून बांधलंय. उत्तर अटलांटिकच्या लाटा लाइफबोटी फोडतील, म्हणून नेहमीच्या १५ मीटरऐवजी त्या पाण्यापासून साधारण २५ मीटर उंच टांगल्या. त्यासाठी नियमांतून खास सूट मिळवावी लागली. नाळ लांब आणि निमुळती, पत्रा जाड. स्टीफन पेन या डिझायनरने हट्टाने हे सगळं लायनरसारखं, म्हणजे ठरलेल्या मार्गावर महासागर ओलांडणाऱ्या जहाजासारखं, करून घेतलं आणि माझ्या मते म्हणूनच आजही हे जहाज गर्दीत ओळखू येतं. नवीन जहाजं म्हणजे नुसती बाल्कन्यांची चळत.

धुराडं बुटकं, कारण न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जायचंय. दोन गॅस टर्बाइनही तळाच्या इंजिनरूममध्ये नाहीत, वर धुराड्यापाशीच आहेत. त्यांना हवा भरपूर लागते, ती तळापर्यंत न्यायची तर हवेचे मोठाले नळ सगळ्या डेकांतून उतरवावे लागले असते. चार डिझेल इंजिनं मात्र तळात.

२००४ चं रूप हवं असेल तर फोटो २०१६ च्या आधीचेच बघा. त्या वर्षी हॅम्बुर्गला मोठी दुरुस्ती झाली. १३ व्या डेकवर ३० केबिनी वाढवल्या, एकट्या प्रवाशांसाठी १५ केल्या आणि कुत्र्यांसाठीच्या खोल्याही वाढवल्या.

खिळेमोळे:
तारखांचा घोळ होतो कारण आजकाल मोठी जहाजं उतारावरून पाण्यात सोडत नाहीत. कोरड्या गोदीतच बांधतात आणि मग गोदीत पाणी भरून तरंगवतात. फ्रान्समध्ये सेंट-नझेरच्या शांतिए द लातलांतिक गोदीत १६ जानेवारी २००२ ला पहिला पत्रा कापला. ४ जुलै २००२ ला कणा, म्हणजे जहाजाच्या तळाचा पहिला भाग, ठेवला. तो दिवस मुद्दाम निवडलेला, कारण १८४० साली त्याच तारखेला क्युनार्डची 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून निघाली होती. २१ मार्च २००३ ला जहाज तरंगलं, जलावतरण म्हणायचं ते हेच. ८ जानेवारी २००४ हा साउदॅम्प्टनला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झालेला नामकरणाचा दिवस. पहिली सफर १२ जानेवारीला फोर्ट लॉडरडेलकडे निघाली. कप्तान रोनाल्ड वॉरविक. त्यांचे वडील 'क्वीन एलिझाबेथ २'चे पहिले कप्तान होते.

एक तारीख मात्र गाळू नका. १५ नोव्हेंबर २००३. गोदीतल्या कामगारांचे नातेवाईक जहाज बघायला आले होते. जहाजावर चढायचा तात्पुरता पूल कोसळला आणि माणसं कोरड्या गोदीच्या तळाशी पडली. १६ जण गेले. महिना-सव्वा महिन्यात, २२ डिसेंबरला, जहाज क्युनार्डच्या ताब्यात दिलं गेलं.

सुटेभाग:
सर्वांचे मनापासून आभार! १५ नोव्हेंबरचं माहीतच नव्हतं. शाळेच्या पाटीवर अपघात कशाला, असं घरात एक मत पडलं, पण भाची ऐकेना. आता ती ओळ नामकरणाच्या आधी येईल, त्याच आकाराच्या अक्षरांत. पहिल्या वर्षातलं आणखी काही लिहिता येईल का? आणि सुतार काचेच्या पेटीचं माप मागतोय.

अटलांटिकवारी:
एप्रिल २००४ मध्ये न्यूयॉर्कहून 'क्वीन एलिझाबेथ २'सोबत एकाच वेळी अटलांटिक पार केला, हे लिहा. ऑगस्टमध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी पिरेयस बंदरात तरंगतं हॉटेल म्हणून दोन आठवडे उभं होतं, हेही.

डेकवरचाचहा:
अवांतर: जुन्या 'क्वीन मेरी'चा एक भोंगा या जहाजावर बसवलाय. फेब्रुवारी २००६ मध्ये लाँग बीचला दोघी भेटल्या तेव्हा भोंगे वाजवून एकमेकींना सलामी दिली होती. भाचीला सांगा, शाळेत वाजवून दाखवू नकोस म्हणावं.

जुनाखलाशी:
खरी लांबी ३४५ मीटर, म्हणजे मॉडेल ८६ सेंमीच्या आसपास. ब्रिजचे (कप्तानाच्या कक्षाचे) दोन्ही बाजूंना बाहेर आलेले पंख धरून रुंदी ४५ मीटर, ते सव्वाअकरा सेंमी. तळापासून धुराड्याच्या टोकापर्यंत ७२ मीटर, १८ सेंमी. पेटी आतून ९५ बाय २० ची करा, उंची ३० ठेवा. खालचे पॉड दिसायला हवेत, तेव्हा मॉडेल दोन खुंट्यांवर उचलून बसवा आणि तळाला आरसा लावा. काच चार मिलीमीटरची पुरे.