घरच्या विंडोज १० लॅपटॉपला फुकटातला अँटीव्हायरस कोणता?

घाटवळण:
लॅपटॉप २०१७ चा. आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. आईबाबांचं नेटबँकिंग, मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, आणि झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह नेऊन प्रिंट काढणं, एवढाच वापर. विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपलीय, आता पैसे घालायचे नाहीत. दोन फुकटे एकदम टाकले तर जास्त सुरक्षित का? शिवाय उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असा लाल चौकोन येतो. तो कसा घालवायचा?

बिटकोशिंबीर:
आधी लाल चौकोन, कारण तो बहुतेक व्हायरस नाहीच. नीट बघा, चौकोनात बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता असेल. 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं त्या साइटने म्हटलं आणि घरातल्या कुणीतरी दाबलं. झालं, तिला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. संगणकात फाइलच नाही, त्यामुळे कितीही स्कॅन केलं तरी काही सापडत नाही.

चौकोनावर क्लिक करू नका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढा. घरी बँक आणि मेल सोडून कुणालाच नोटिफिकेशनची गरज नसते, म्हणून वरचा पर्याय 'साइट्सना विचारूच देऊ नका' असा करून टाका.

अँटीव्हायरससाठी माझं मत: विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. पण मुदत संपलेला आधी पूर्ण काढा. तो बसलेला असेपर्यंत डिफेंडर बाजूला सरकलेला असू शकतो, म्हणजे एक जुना झालेला आणि दुसरा झोपलेला. सेटिंग्जमधल्या ॲप्समधून काढा, अवशेष राहिले तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल त्यांच्या साइटवरून घ्या, रिस्टार्ट करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर हिरवी खूण आली का बघा. तिथल्या मॅनेज सेटिंग्जमध्ये रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन तिन्ही चालू हवेत. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन उघडून नको असलेली ॲप्स अडवायचा पर्यायही चालू ठेवा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसोबत चिकटून येणारे टूलबार तिथेच अडतात.

टाकसाळ:
दोन एकदम अजिबात नको. रिअल टाइम पहारा देणारे दोघे प्रत्येक फाइल उघडताना एकमेकांच्या अंगावर येतात, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कवर मशीन रांगायला लागेल. एक पहारेकरी आणि एक अधूनमधून बोलवायचा तपासनीस, अशी जोडी ठेवा.

तपासनीस म्हणून मालवेअरबाइट्स. बसवल्यावर १४ दिवसांची विकतची चाचणी सुरू होऊ शकते, ती बंद करा किंवा संपू द्या. फुकटातला प्रकार फक्त आपण सांगू तेव्हा स्कॅन करतो, पहारा देत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवंय. ब्राउझरचं होमपेज आपोआप बदलत असेल तर त्यांचंच ॲडडब्ल्यूक्लीनर जास्त कामाचं, ते बसवावंही लागत नाही. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही चांगला, फक्त उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, पुढच्या वेळी नवा उतरवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही भारतीय कंपन्यांची बॉट (संगणक गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढायची टूल्स फुकट मिळतात, त्यात आपल्या पुण्याची क्विक हील आहे.

उंबरपान:
अव्हास्ट किंवा एव्हीजी का नको? पकडण्यात चांगले आहेत असं ऐकलंय.

टाकसाळ:
पकडण्यात वाईट नाहीत. दोन्ही एकाच घरातले आहेत, अव्हास्टने एव्हीजी २०१६ मध्ये घेतलं, त्यामुळे 'हे की ते' यात फार अर्थ नाही. अडचण दुसरी. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट नावाच्या उपकंपनीतून विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० मध्येच बंद केली होती. शिवाय 'विकतचं घ्या'चे इशारे इतके येतात की खरा कुठला आणि जाहिरात कुठली हे घरातल्या ज्येष्ठांना कळत नाही. डिफेंडर नकोच असेल तर बिटडिफेंडर फ्री बघा, त्यामानाने कमी बोलतो.

बिटकोशिंबीर:
एक राहिलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे विंडोजमधल्या सुरक्षेच्या भोकांची नेहमीची दुरुस्ती थांबली. डिफेंडरला व्हायरसच्या ओळखी त्यानंतरही मिळतात, पण खिडकीच तुटकी असेल तर राखणदार किती पुरणार? वाढीव सुरक्षा अपडेट्सची घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. २०१७ चा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्यामुळे हे कराच. आणि मंदपणाचा दोष अँटीव्हायरसला देण्याआधी हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (खूप वेगवान डिस्क) टाका.

काथवट:
पेनड्राइव्हबद्दल कुणीच बोललं नाही! खरा धोका तिथेच. दुकानातून आणल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण, तर डबलक्लिक करू नका. फाइल्स सहसा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा आणि फोल्डर ऑप्शन्समधली 'प्रोटेक्टेड सिस्टिम फाइल्स लपवा'ची खूण काढा. बऱ्याचदा बिननावाचं एक फोल्डर दिसतं, सगळा ऐवज त्यात असतो. फक्त वर्ड, पीडीएफ आणि फोटो कॉपी करून घ्या, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट.

डिफेंडरचं फुल स्कॅन एरवी पेनड्राइव्ह धरत नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' वेगळं करावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे प्रिंटची पीडीएफ दुकानाला मेल करा.

घाटवळण:
लाल चौकोन गेला, यादीत ११ साइट्स होत्या. जुना अँटीव्हायरसही काढला. पण डिफेंडरच्या एक्सक्लूजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला दिसतोय. आम्ही कुणी टाकलेला नाही.

बिटकोशिंबीर:
मग हे प्रकरण नोटिफिकेशनपुरतं नाही. एक्सक्लूजन म्हणजे 'इथे बघू नको'. ऑफिस किंवा विंडोज फुकट चालू करून देणारे क्रॅक हे हमखास करतात, 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना त्यांच्यासोबत येते ती याचसाठी. लॅपटॉपवर तसं ऑफिस असेल तर काढा, लिब्रेऑफिस हे अधिकृतपणे फुकट मिळणारं ऑफिस टाका.

आता क्रम असा. नेट बंद. एक्सक्लूजन काढा. स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज उघडायच्या आधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं म्हणतात, तुमच्या हार्ड डिस्कवर जास्त धरा. निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसेल. मग नेट जोडून मालवेअरबाइट्स.

बँकेचा आणि मेलचा पासवर्ड या लॅपटॉपवरून बदलू नका, फोनवरून बदला, आणि मेलमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.

दोन रिस्टार्टनंतर एक्सक्लूजन्स परत बघा. यादी रिकामी राहिली तर ठीक. सी ड्राइव्ह पुन्हा तिथे दिसला तर आत काहीतरी अजून चालू आहे. मग स्कॅनमध्ये वेळ घालवू नका, फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका.