गिरणीची जुनी इमारत पाडायला निघालेत, काय करता येईल?

धोटा: बंद पडलेल्या कापड गिरणीचं विणकाम खातं पाडायचं घाटतंय. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, करवतीच्या दात्यांसारखं उतरतं करवती छप्पर, विटांचं धुराडं, सगळं जागेवर आहे. मालकाच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा निष्कर्ष एका शब्दात: धोकादायक. आम्ही सह्या गोळा करतोय. तेवढ्यानं भागेल?

ओळंबा: सह्या घ्याच, पण आधी अख्खा अहवाल मिळवा. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो. 'धोकादायक' लिहायला पेन लागतं, बाकी काही नाही. कुठला भाग, कशानं, किती खराब, हे त्यात आहे का बघा. बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चं. त्यामुळे खांब बरेचदा ठणठणीत निघतात; बीडाच्या तुळया असतील तर संशय त्यांच्यावर घ्यायचा. करवती छपराचं खरं दुखणं म्हणजे दोन उतारांमधली पन्हळ. ती तुंबली की पाणी कैचीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, टोकाशी मुरतं. आणि एक गोम: अशा शेडमध्ये कधीकधी पोकळ खांबातूनच पावसाचं पाणी खाली उतरवलेलं असतं. तो खांब आतून गंजतो, वरून रंग मात्र झकास! पन्हळी आणि थोड्या कैच्या बदलल्या की काम भागत असेल, तर पाडायचं कशाला?

मोडी: दुरुस्तीचं नंतर. आधी पाडकामाला तात्पुरती स्थगिती मिळवा. लंडनचा फायरस्टोन टायर कारखाना संरक्षित यादीत जाणार होता. ऑगस्ट १९८० मध्ये जोडून आलेल्या सुट्टीत त्याचा दर्शनी भाग पाडून मोकळे झाले.

रोखठोक: वाचवून त्यात करणार काय? छपराचे पत्रे आरोग्याला घातक ॲस्बेस्टॉसचे असले तर काढायचाच खर्च केवढा! जमिनीत तेलं-रसायनं मुरलेली असतील ती वेगळीच.

ओळंबा: प्रश्न रास्त आहे. पण इमारत पाडली तरी माती साफ करावीच लागते, पत्रेही जपूनच उतरवावे लागतात. तो खर्च इमारत वाचवण्याच्या खात्यावर टाकू नका. वापराचं म्हणाल, तर लंडनचंच बँकसाइड वीजकेंद्र १९८१ ला बंद पडलं आणि २००० मध्ये तिथे टेट मॉडर्न हे कलादालन उघडलं. टर्बाइनचं अवाढव्य दालन तसंच मोकळं ठेवलं, लोक तेच बघायला येतात. मात्र प्रत्येक शेडचं कलादालन करायची गरज नाही. खांब विरळ, उजेड वरून. कार्यशाळेला आणखी काय हवं?

धोटा: फोटो मोठे करून पाहिले. दोन खांबांच्या बुडाशी पाण्याचं तोंड दिसतंय. पण मालक अहवाल देईल?

ओळंबा: नाही दिला तर पाडायची परवानगी जिथे मागितलीय त्या कार्यालयात लेखी अर्ज टाका. पोच घ्यायला विसरू नका.