मदत हवी आहे: आमदारांनी सभागृहात कशाला काय मत दिलं, हे कुठे बघायला मिळतं? (तातडीचं)

नाल्यापलीकडचा | सोमवार, रात्री ११.२०

राम राम मंडळी. शुक्रवारी तालुक्याला जनता दरबार आहे. त्याआधी मला यांचं मतदानाचं सगळं रेकॉर्ड पाहिजे. तीन तास झाले शोधतोय, नेटवर नुसते सत्काराचे आणि नारळ फोडल्याचे फोटो निघतात. पेपरची कात्रणं नकोत, अधिकृत कागद पाहिजे. कोणाला माहीत असेल तर थेट जागा सांगा, चर्चा नंतर करू.

कापूसपट्टा | सोमवार, रात्री ११.४१

मतदानाचं रेकॉर्ड म्हणजे यादीत नाव आहे का ते बघायचंय ना? निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर जा, ओळखपत्राचा क्रमांक टाका, लगेच दिसतं. नाव नसेल तर नमुना ६ भरा, चुकलं असेल तर नमुना ८. आमच्या वडिलांचं नाव असंच गळालं होतं, मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओंना घरी जाऊन भेटलो, त्यांनी समोर बसून फॉर्म भरून दिला.

नाल्यापलीकडचा | सोमवार, रात्री ११.४४

नाही हो भाऊ. माझं मत नाही, त्यांचं मत. सभागृहात दिलेलं.

जळगावची वकील | मंगळवार, सकाळी ७.०५

दादा, "यांचं" म्हणजे कोणाचं? खासदार की आमदार? आमदार असतील तर विधानसभेचे की परिषदेचे? आणि कोणतं विधेयक, कोणत्या अधिवेशनातलं? शीर्षकात आमदार लिहिलंय, पण आपल्याकडे लोक दोघांनाही साहेबच म्हणतात. एवढं सांगितल्याशिवाय कोणीही जागा सांगू शकणार नाही.

धुळ्याचा अर्जदार | मंगळवार, सकाळी ७.३०

माहिती अधिकार टाका. जोडपत्र अ, वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०००३२. मी गेल्या काही वर्षांत चाळीसच्या वर अर्ज केले आहेत. अर्जाशिवाय काही हाती लागत नाही.

जळगावची वकील | मंगळवार, सकाळी ७.३८

अर्जदार भाऊ, उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. त्यांचा दरबार शुक्रवारी आहे.

केळीबाग, रावेर | मंगळवार, सकाळी ८.१२

मत जाऊ द्या, निधी विचारा. आमदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. तो कोणत्या गावात, कोणत्या कामावर गेला, याची कामनिहाय यादी जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे असते. आमच्याकडे एका सभामंडपाला दोनदा पैसे पडले होते, ते त्या यादीवरून उघडकीला आलं. खरा हिशोब तिथे असतो.

नाल्यापलीकडचा | मंगळवार, सकाळी ९.५०

आमदार, विधानसभेचे. तालुका लिहीत नाही, इथले निम्मे लोक ओळखीचे निघतील. निधी मला नकोय, केळीवाले भाऊ.

झालं असं. मागच्या आठवड्यात घरोघर कार्य अहवाल वाटला. जाड चकचकीत कागद, ६४ पानं. मी आणि पुतणीने रात्री फोटो मोजले, १३८ निघाले. लग्नं, दशक्रिया, हरिनाम सप्ताह, कुस्त्यांची दंगल, सगळं आहे. "विधिमंडळातील कामगिरी" या मथळ्याखाली चार ओळी. त्यातली एक आमच्या नाल्यावरच्या फरशी पुलाची: "सदर पुलासाठी सभागृहात सातत्याने आवाज उठवला."

हा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पाणी उतरेपर्यंत आठवी ते दहावीची पोरं घरी. गेल्या श्रावणात आत्याला दम लागला तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाटेसकट बसवून पलीकडे नेलं, मी पाण्यात पुढे चालत फरशीचा काठ पायाने चाचपत होतो. म्हणून मला बघायचंय की आवाज उठवला म्हणजे नक्की काय केलं, आणि बाकीच्या वेळी हात कुठे वर केला.

निवृत्त गुरुजी | मंगळवार, सकाळी १०.२६

बाळा, आत्याबाई आता बऱ्या आहेत ना?

तुझा राग समजतो. पण एक सांगतो, आमदार लग्नाला येतात, दवाखान्यात फोन करतात, हे कमी लेखू नकोस. माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाच्या ऑपरेशनला मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून मदत मिळाली, ती आमच्या आमदारांच्या पत्रामुळे आणि त्यांच्या स्वीय सहायकाने चार वेळा पाठपुरावा केल्यामुळे. गरीब माणसाला कायद्याचं कलम लागत नाही, ओळखीचा फोन लागतो.

मुंबईत खान्देशी | मंगळवार, सकाळी ११.०९

गुरुजी, आदर राखून सांगतो, फोन करायला कार्यकर्ता पुरतो. ती मदत निकषात बसणाऱ्या माणसाला पत्राशिवाय मिळायला हवी. २८८ जणांना निवडून देतो ते कायदे करायला आणि अंदाजपत्रक तपासायला. ते कोणी बघत नाही, म्हणूनच अहवालात १३८ फोटो आणि चार ओळी येतात.

निवृत्त गुरुजी | मंगळवार, सकाळी ११.३१

निकषात बसणारी माणसं मी छत्तीस वर्षं शाळेत पाहिली. निकष कागदावर असतो, माणूस दारात उभा असतो. असो.

जळगावची वकील | मंगळवार, दुपारी १.१५

आता तपशील आला, तर नीट सांगते. दादा, थोडं वाईट वाटेल.

तुम्हाला हवं तसं रेकॉर्ड बहुतेक विषयांवर तयारच होत नाही. विधानसभेत जवळपास सगळी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष "होय" म्हणणाऱ्यांना आणि "नाही" म्हणणाऱ्यांना विचारतात, आवाज ऐकतात आणि निर्णय देतात. कोणत्या बाकावरून कोण काय म्हणालं, याची नावानिशी नोंद नसते. जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत असंच आवाजी मतदानाने मंजूर झालं. आपले आमदार तेव्हा "होय" म्हणाले, गप्प बसले की चहाला बाहेर होते, हे मतांच्या नोंदीवरून कळणार नाही. मराठा आरक्षणाचं विधेयक २० फेब्रुवारी २०२४ ला एकमताने झालं, तिथे तर मोजायचा प्रश्नच नव्हता.

नाव नोंदलं जातं ते मतविभाजन किंवा शिरगणती झाली तर. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय ते ३ आणि ४ जुलै २०२२ चं: एकेक सदस्य उभा राहून आपला क्रमांक बोलत होता. अध्यक्षपदाच्या निवडीला १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावाला १६४ विरुद्ध ९९. उलट १२ नोव्हेंबर २०१४ चा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने झाला, त्याचा असा आकडाच नाही.

केळीबाग, रावेर | मंगळवार, दुपारी १.४०

मग लोकसभेचं कसं दिसतं? खासदारांची हजेरी, प्रश्न सगळं पीआरएस या संसदेच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर आहे, मी स्वतः बघितलंय.

जळगावची वकील | मंगळवार, दुपारी १.५२

हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, बरोबर. मतं नाहीत. लोकसभेतही बरंचसं आवाजीच होतं. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत मोजावंच लागतं, म्हणून महिला आरक्षणाला २० सप्टेंबर २०२३ ला ४५४ विरुद्ध २ असा नेमका आकडा मिळाला. आणि मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, तेव्हा मंत्र्याची हजेरी कोरी दिसली म्हणून ओरडू नका.

मुंबईत खान्देशी | मंगळवार, दुपारी २.३०

आणि समजा मोजलं, तरी त्यातून काय कळणार? व्हिप, म्हणजे पक्षादेश, असतो. १९८५ पासून घटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे. पक्षादेशाच्या विरोधात मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. मत पक्षाचं असतं, हात फक्त आमदाराचा.

धुळ्याचा अर्जदार | मंगळवार, दुपारी २.४४

म्हणजे विचारूच नये का? पक्षादेश होता तर तसं गावात येऊन सांगावं. "मला हे पटलं नव्हतं पण आदेश होता" एवढं वाक्य दरबारात बोलायला कोणता व्हिप आडवा येतो?

मुंबईत खान्देशी | मंगळवार, दुपारी २.५०

हे मान्य. ते विचाराच.

कापूसपट्टा | मंगळवार, दुपारी ३.०५

आमना गावले बी तोच कागद उना भाऊ. पाच फोटो शेतस आमना गावना, पाची बी एकच मंदिरना.

केळीबाग, रावेर | मंगळवार, दुपारी ३.२२

दरबारात जाणारच आहात तर फळपीक विम्याचंही काढा. एप्रिल-मे मधलं तापमान, वाऱ्याचा वेग सगळं हवामान केंद्रावर मोजतात आणि केंद्र आमच्या बागेपासून कोसावर. बाग आडवी झाली तरी केंद्रावर वारा कमी असेल तर भरपाई नाही. यावर कोणी किती वेळा बोललं ते मला बघायचंय.

धुळ्याचा अर्जदार | मंगळवार, दुपारी ३.३०

त्याचा वेगळा धागा काढा. इथे पुलाचं चाललंय.

जळगावची वकील | मंगळवार, सायंकाळी ५.१८

दादा, मत सोडा, प्रश्न शोधा. तुम्हाला हवी असलेली गोष्ट तिथे आहे. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित (तोंडी उत्तरासाठीचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्नांच्या याद्या असतात. प्रत्येक प्रश्नाच्या वर सदस्यांची नावं आणि कंसात मतदारसंघ. तुमच्या मतदारसंघाचं नाव टाकून एकेक यादी चाळा. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) वेगळ्या बघा, औचित्याचा मुद्दा (सदस्याने सभागृहात उभं राहून मांडलेला) हवा असेल तर त्या दिवसाची कार्यवाही वाचावी लागेल. "आवाज उठवला" यातलं काहीही असू शकतं, म्हणून दरबारात आधी तेच विचारा: कोणत्या आयुधाने आणि कोणत्या तारखेला? त्यांच्याकडे तारीख असेल तर लगेच देतील.

नाल्यापलीकडचा | बुधवार, रात्री १२.४७

सापडलं ताई. अकरा याद्या चाळल्या, डोळ्यांची आग होतेय.

पान ६१. जिल्ह्यातल्या पाण्याखाली जाणाऱ्या फरशी पुलांबद्दल एकच प्रश्न आहे, आमचं गाव त्यात चौथं. वर नावांची रांग. स्क्रीनवर बोट ठेवून मोजली, २७ नावं, आमचं एकोणिसावं. मग ती भाषा: "हे खरे आहे काय", "असल्यास", "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" समोर मंत्र्यांचं उत्तर: पहिल्याला "हे अंशतः खरे आहे", मधल्याला "अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे", शेवटच्याला "प्रश्न उद्भवत नाही".

आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अंशतः म्हंजे गुडघ्यापर्यंत का?" तिने खरंच विचारलं होतं, मला काय सांगावं कळेना.

हा तारांकित आहे. म्हणजे सभागृहात बोलले असं धरायचं का?

जळगावची वकील | बुधवार, सकाळी ६.५५

नाही. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी निघतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवतात. त्या दिवसाची कार्यवाही बघा. त्यात चर्चा नसेल तर सही केली एवढंच म्हणता येईल. अधिवेशनाचं थेट प्रक्षेपणही यूट्यूबवर असतं, त्या तारखेचा व्हिडिओ मिळाला तर तासभर ऐका.

निवृत्त गुरुजी | बुधवार, सकाळी ८.१०

सही केली हेही नाकारू नये. त्या सहीमुळेच "अंदाजपत्रक" हा शब्द सरकारने लेखी दिला आहे. दरबारात रागाने बोलू नकोस, हे पान पुढे कर आणि फक्त विचार: अंदाजपत्रक कोणाच्या टेबलावर आहे? त्या एका प्रश्नाने काम होईल. माईक हातात आल्यावर आवाज कापतो, म्हणून कागदावर लिहून ने.

मुंबईत खान्देशी | बुधवार, सकाळी ८.३४

गुरुजींचं हे एकदम पटलं. आणि प्रिंटच्या दोन प्रती ने, एक त्यांच्या हातात राहील.

नाल्यापलीकडचा | शुक्रवार, रात्री ९.१५

जाऊन आलो. टोकन ४३ होतं, दुपारी अडीचला नंबर लागला. पान ६१ पुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा काढून वाचलं, स्वतःचं नाव शोधलं आणि म्हणाले, "हे कुठून काढलं?" मी सांगितलं. मग बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांना समोर बोलावलं. अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसाठी वरच्या कार्यालयात पाठवलंय, असं ते म्हणाले. मी जावक क्रमांक आणि तारीख मागितली, त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिली. तो कागद आता खिशात आहे.

सभागृहात तोंडी बोलला होतात का, हे विचारलं. म्हणाले, त्या दिवशी प्रश्न निघालाच नाही. ते त्यांनी सरळ सांगितलं, लपवलं नाही. जनसुरक्षेच्या वेळी सभागृहात होतात का, हे विचारेपर्यंत मागच्याने माईक घेतला.

ते आता अर्जाने विचारतो. अर्जदार भाऊ, हे बघा जमतंय का:

"मौजे (गाव) येथील रहिवासी या नात्याने खालील माहिती मिळावी. विषय: (मतदारसंघ) येथील विधानसभा सदस्यांची सभागृहातील उपस्थिती. कालावधी: पावसाळी अधिवेशन २०२५. आवश्यक माहिती: सदर सदस्यांनी हजेरीपटावर सही केलेल्या दिवसांच्या तारखा व संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती. तसेच त्यांनी विचारलेल्या तारांकित प्रश्नांची यादी."

धुळ्याचा अर्जदार | शुक्रवार, रात्री ९.४०

शेवटचं वाक्य काढा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. हजेरी आणि प्रश्न एकत्र आले तर तेवढ्यावरून परत पाठवतील. प्रश्नांची यादी तुम्हाला संकेतस्थळावर मिळतेच आहे. बाकी चांगला झालाय. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती त्या जावक क्रमांकाच्या कागदाबरोबरच ठेवा.

नाल्यापलीकडचा | शुक्रवार, रात्री ९.४६

काढलं. सोमवारी पोस्टात टाकतो.