बाबांच्या १८० सीडी: फ्लॅक, अलॅक की वेव्ह?

खाडीकाठ (वेंगुर्ला):
बाबांच्या कपाटात १८० सीडी आहेत. बहुतेक नाट्यसंगीत आणि अभंग. शिवाय आमच्या देवळातल्या डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या) २६, गावातल्या स्टुडिओवाल्याने भरून दिलेल्या. यंदा पावसात कपाट उघडलं तर कव्हरांना बुरशी, तीन सीडींवर पांढरे तंतू. म्हणून सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला बसलोय. मी विंडोजवर ऐकतो, ताई पुण्यात आयफोनवर. वेव्हच, म्हणजे न दाबलेली फाईल, ठेवू का? कॉम्प्रेस म्हटलं की मला झांज फुटल्यासारखी वाटते. ४० सीडी आधीच एमपीथ्री करून बसलोय, त्या फ्लॅकमध्ये बदलल्या तर चालेल ना?

हापूस_हेडफोन (रत्नागिरी):
नाही चालणार. एमपीथ्रीने टाकून दिलेलं परत येत नाही, फाईल तेवढी फुगते. त्या ४० पुन्हा काढा.
झांज फुटते ती एमपीथ्रीत. फ्लॅक झिपसारखं आहे, उघडलं की सीडीवरचा बिट न् बिट तसाच. सीडीचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी खातो, फ्लॅकमध्ये बहुतेकदा ५०-६० टक्क्यांवर येतो. फाईल किती दाबायची त्या ० ते ८ लेव्हलवरून डोकं खाजवू नका. आवाज एकच, फरक आकारात आणि वेळात. वेव्हमध्ये गायकाचं, पदाचं नाव भरलं तरी सगळ्या प्लेअरना दिसत नाही. १८० सीडींत मग शोधत बसा. शिवाय फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह (ओळख पटवणारा आकडा) असतो, पाच वर्षांनी फाईल बिघडली का ते तपासता येतं.
ताईंच्या आयफोनवर म्युझिक ॲप फ्लॅक घेत नाही, फाइल्स ॲपमध्ये वाजतं. त्यांना अलॅकची, म्हणजे ॲपलच्या फ्लॅकसारख्या फॉरमॅटची, प्रत करून द्या. दोन्ही लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गमावणारे, इकडून तिकडे कितीही वेळा फिरवा.

शिरोड्याचो:
अरे, आधी ती सीडी पूस, मगे फॉरमॅटचा बघ! मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. लेबलच्या बाजूला जपा, चकचकीत थर तिथे लगेच खाली असतो.
आणि त्या २६ पहिल्या घ्या. कंपनीच्या सीडीत खड्डे छापलेले असतात, भरलेल्या सीडीत रंगाचा थर. तो उन्हाने, दमट हवेने जातो. नाट्यसंगीत उद्या कुठे तरी मिळेल, तुमच्या देवळातली बारी कोण देणार? सीडी कॉम्प्युटरवर काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम घ्या. कंपनीची सीडी ॲक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी काढलेल्या सीडींच्या ऑनलाइन, यादीशी ताडून बघता येते. गावची सीडी त्या यादीत कुठली असायला! तिला टेस्ट अँड कॉपी लावा, दोनदा वाचून सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळवतो.

खाडीकाठ:
वेव्हचा हट्ट सोडला. २६ पैकी २४ सरळ आल्या. एकीत बुवांनी गजर चढवला नेमका तिथेच सीआरसी जुळेना. तीनदा पुसली, मध्ये लाईट गेली, शेवटी काकांच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने वाचली. उरलेली बल्बसमोर धरली तर आरपार उजेड दिसतो. ती गेली.
कंपनीच्या सीडी आता गणपतीनंतर.