काउंटरवरचा व्हिडिओ व्हायरल, चॅनलचे फोन सुरू: आधी काय करायचं?

चर्चगेट_स्लो:
मुंबईत शाखा असलेली, शेअर बाजारात लिस्टेड कंपनी. काउंटरवर कर्मचारी आणि ग्राहक यांच्यात भाषेवरून बाचाबाची झाली, त्याची 40 सेकंदांची क्लिप फिरतेय. हेड ऑफिसला लगेच एक्सवर टाकायचंय, की "संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून काढलं आहे". चॅनलवाले थेट शाखेत फोन करतायत. क्रम काय असावा?

बाइट_नको:
ते ट्विट आधी थांबवा. मग सीसीटीव्ही. बहुतेक दुकानांतला डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) 15 ते 30 दिवसांत जुनं पुसून नवं रेकॉर्ड करतो. घटनेआधीचा अर्धा तासही काढून घ्या. व्हायरल क्लिप भांडण तापल्यावरच सुरू होते. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा काही मिनिटं पुढेमागे असतं, मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवा. आवाज बहुधा नसतोच, म्हणून शेजारच्या काउंटरवरच्यांचे जबाब त्याच दिवशी सहीनिशी घ्या.

शाखेतल्या सगळ्यांना एकच वाक्य द्या: "कंपनीच्या वतीने मी बोलू शकत नाही, हा नंबर घ्या." त्या नंबरवर माणूस खरंच हवा! रिपोर्टरचं नाव, चॅनल, नेमका प्रश्न आणि बातमी किती वाजता जाणार हे टिपून घ्या, आणि त्याआधी उलटा फोन करा. नाहीतर "कंपनीकडून प्रतिसाद मिळाला नाही" ही ओळ ठरलेली. "ऑफ द रेकॉर्ड" (म्हणजे हे बातमीत वापरायचं नाही) हे बोलण्याआधी ठरवायचं असतं, बोलून झाल्यावर नाही.

निवेदन तीन-चार वाक्यांचं पुरे. मराठीतलं वेगळं लिहा, इंग्रजीवरून ओढूनताणून नको. कर्मचाऱ्याचं नाव नको, त्याच्या स्वभावावर शेराही नको.

सर्वात महत्त्वाचं: जमाव आला म्हणून कर्मचाऱ्याला कॅमेऱ्यासमोर माफी मागायला उभं करू नका. मागच्या दाराने घरी पाठवा, 112 लावा. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेव आणि फेसबुक प्रोफाइल लॉक कर, हेही त्याला सांगा.

आरोपपत्र:
"काढलं" हे आधी जाहीर आणि चौकशी मागाहून, असं झालं तर त्याचा वकील पहिल्यांदा ते ट्विटच दाखल करणार. निकाल आधीच ठरला होता याचा आयता पुरावा. रीतसर क्रम म्हणजे निलंबन, आरोपपत्र, उत्तराला मुदत, साक्षी आणि उलटतपासणी, अहवाल, त्यानंतरच शिक्षा. निलंबनात कामगाराला पहिले 90 दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता. पुढे, उशीर त्याच्यामुळे नसेल तर, 75 टक्के.

काउंटरवरचा माणूस कंत्राटी एजन्सीने पुरवलेला आहे का, हे आधी तपासा. असेल तर निलंबनाचं पत्र एजन्सीच्या लेटरहेडवर जायला हवं. तुम्ही दिलंत, तर तो तुमचाच कर्मचारी असल्याचा कागद तुम्हीच तयार केलात. आणि फुटेज कोर्टात जाऊ शकतं, तेव्हा कॉपी करतानाच हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) काढा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र करून ठेवा.

चर्चगेट_स्लो:
तो कर्मचारी स्वतः चॅनलवर जाऊन बाजू मांडणार म्हणतोय. अडवायचं कसं? हेड ऑफिस म्हणतं, फोन काढून घ्या.

आरोपपत्र:
त्याचा स्वतःचा फोन घ्यायचा अधिकार एचआरला नाही. करारात माध्यमांशी बोलायला मनाई असेल तर ते कलम दाखवा. धमकीचा मेल मात्र नको, तो रात्रीच्या बातम्यांत दिसेल. त्याला दोन गोष्टी समजवा. चॅनलवर बोललेलं चौकशीत वापरलं जाऊ शकतं. आणि ग्राहकाचं नाव, नंबर, बिल बाहेर काढायचं नाही; ग्राहकावर खोटा आरोप केला, तर बदनामीची तक्रार स्वतः कर्मचाऱ्यावर होऊ शकते (भारतीय न्याय संहिता, कलम 356).

कंप्लायन्स_बीकेसी:
लिस्टेड कंपनीने मोठ्या घडामोडी शेअर बाजाराला (एक्स्चेंजला) कळवायच्या, असा सेबीचा नियम 30 आहे; एका काउंटरवरचं भांडण सहसा तेवढं मोठं नसतं. पण बाजारमूल्यात पहिल्या 250 मध्ये असाल, बातमी वर्तमानपत्रात किंवा चॅनलवर आली आणि त्यामुळे शेअर लक्षणीय हलला, तर 24 तासांत एक्स्चेंजला खुलासा द्यावा लागू शकतो. नुसत्या एक्सवरच्या पोस्टने ती वेळ येत नाही. तेव्हा कंपनी सेक्रेटरीला (एक्स्चेंजला माहिती देणं ज्याच्याकडे असतं त्या अधिकाऱ्याला) आजच कळवा, आणि निवेदन त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय सोडू नका. चॅनलला एक आणि एक्स्चेंजला दुसरं, असं झालं तर निस्तरणं अवघड.

खुलाशाने वाद वाढूही शकतो, हेही हेड ऑफिसला सांगा. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं, आठवड्याला 90 तास काम करावं, हे विधान कर्मचाऱ्यांशी झालेल्या संवादाच्या व्हिडिओतून बाहेर आलं. कंपनीने त्याचं समर्थन करणारं निवेदन दिलं, तर टीका त्या निवेदनावरही झाली.