प्रोग्रामिंग शिकायला पुस्तक हवंच का?

पानसुपारी:
पुतण्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन महिने पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे फुकट व्हिडिओ बघतोय. रविवारी सहज म्हटलं, १ ते १० ची बेरीज करून दाखव. उत्तर आलं ४५. ५५ का नाही विचारलं तर म्हणे, "सरांनी असंच लिहिलं होतं." रेंज या आज्ञेत (कुठून कुठवर मोजायचं ते सांगणाऱ्या) १ आणि १० लिहिलं की गाडी ९ वरच थांबते, हे त्याच्या कानावरून गेलं असणार, पण डोक्यात शिरलं नाही. माझं मत साफ आहे: आधी एक पुस्तक पुरं करा, मग यूट्यूब. पुस्तकाचं पान आपोआप उलटत नाही.

अर्धविराम:
नाही पटलं. माझं पहिलं पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणलेलं, सेकंडहँड, पायथन २ चं. पहिल्याच प्रोग्रामात प्रिंट या आज्ञेपुढे कंस नाहीत, आणि माझ्या लॅपटॉपवर पायथन ३, त्याला कंस लागतातच. एरर! अख्खा शनिवार वाटत होतं, आपणच मठ्ठ. पायथन २ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण छापलेल्या पानाला कोण सांगणार? सी या दुसऱ्या भाषेचंही तेच. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम चालण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जमान्यातली कोनिओ.एच ही फाइल लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरला सापडतच नाही. पायथनचं अधिकृत ट्युटोरियल फुकट आहे आणि नव्या आवृत्तीबरोबर बदलतं.

पानसुपारी:
शिळं पुस्तक तुम्ही आणलंत, त्यात पुस्तकांचा काय दोष? कर्निहन-रिचींचं सीचं पुस्तक बघा. १९८८ ची दुसरी आवृत्ती तीनशे पानांच्या आत, आणि स्वाध्यायांची उत्तरं मागे दिलेलीच नाहीत. डोकं खाजवावंच लागतं.

खिडकीजवळची जागा:
इंग्रजीत आहे हो ते. मी मराठी माध्यमातली, पहिली पाच पानं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. मग आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल सापडले, मराठीतून, साधारण दहा-दहा मिनिटांचे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं टायपिंग, दर मिनिटाला थांबवायचं. नुसते बघत बसलं तर तेही वाया, कबूल. पण पुस्तकासाठी घरी पैसे मागावे लागायचे, हा मुद्दा इथे कुणीच काढला नाही.

रिकामटेकडा:
पायथनच्या त्या फुकट ट्युटोरियलची पीडीएफ काढून मी प्रिंट मारली, स्पायरल बायंडिंग केलं. आता मी कुठल्या पार्टीत?

पानसुपारी:
खिडकीताई, पैशांचं मान्य. काल पुतण्याचा लॅपटॉप मिटवला आणि दर फेरीची बेरीज वहीत लिहायला लावली. १, ३, ६, १०... ४५ ला थांबला, बोट तसंच ठेवून म्हणाला, "काका, दहावी फेरी झालीच नाही." वीस मिनिटं गेली. पुस्तक तरीही आणणार आहे.

अर्धविराम:
आणा. छापल्याचं साल तेवढं दुकानातच बघून घ्या.